जुनी डिझेल व्हॅन आणि तो चार कलमी मेसेज

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, तसा नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. भाविकांची ने-आण करायला जुनी डिझेल व्हॅन घ्यायची असेल तर चारच गोष्टी बघा, असं त्यात म्हटलंय: मीटरवर किलोमीटर कमी हवेत, गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हावी, ऑइल काळं नको आणि मालक एकच असावा. वर धीरही दिलाय, की डिझेल इंजिनाला पाच लाख किलोमीटर काही होत नाही, आणि दिल्लीची दहा वर्षं झालेली गाडी आणली तर निम्म्या पैशात काम होतं.

मी नाशिकच्या द्वारका भागात एकोणीस वर्षं डिझेल गाड्यांची कामं करतो. महिनाभरात तिघांनी हाच मेसेज दाखवत मला गाडी बघायला नेलं. तिघंही कर्ज काढून गाडी घेणारे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझा मुख्य आक्षेप असा, की विकणाऱ्याला एका संध्याकाळीत ज्या गोष्टी जुळवून ठेवता येतात, नेमक्या त्याच हा मेसेज तपासायला सांगतो.

पहिलं कलम किलोमीटरचं. डिजिटल मीटर मागे घेणं हे लॅपटॉपवरचं थोड्या वेळाचं काम आहे. त्यापेक्षा टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर तीस हजार दाखवतोय आणि २०१८ च्या गाडीला चारही टायर २०२३ चे आहेत, तर पहिले टायर कुठे झिजले ते विचारा. क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आणि व्हॅनच्या सरकत्या दाराचे रोलर बघा. शाळेच्या फेऱ्या मारलेल्या गाडीचं दार अडखळतं, खाली लोंबतं. ते लपवायचं कुणाला सुचत नाही.

आणि किलोमीटर खरोखरच कमी असले तरी डिझेलमध्ये ती नेहमी जमेची बाजू नसते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, आणि त्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला गाडी बराच वेळ सलग, तापलेली पळावी लागते. कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढंच फिरलेली गाडी वीस हजार किलोमीटरलाही त्या फिल्टरने गुदमरलेली असू शकते. स्कॅनर लावून काजळी किती भरलीय ते बघून घ्या. काही जण फिल्टर आतून पोकळ करून गाडी विकतात, त्यामुळे खालून डबा कापून पुन्हा वेल्ड केलाय का तेही बघा.

दुसरं कलम सेल्फचं. तापलेलं इंजिन, अगदी झिजलेलंही, बहुतेक वेळा पटकन सुरू होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतात ती त्यासाठीच. तुम्ही सकाळी साडेसहाला जा, आणि आधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. निफाडकडच्या थंडीत उघड्यावर रात्र काढलेली गाडी कशी सुरू होते, यावरून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आणि थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग, दोन्हींची हालत कळते. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करून उचला. तिथून जोरात फुसफुस धूर येत असेल तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागणार.

सायलेन्सरही बघत राहा. थंड असताना थोडा पांढरा धूर चालतो, पण गाडी तापल्यावरही तो येत राहिला तर इंजिन गार ठेवणारं कूलंट जळत असण्याची शक्यता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, मग एअर फिल्टर, हवा दाबून आत ढकलणारा टर्बो, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर किंवा डिझेल फवारणारं नोझल, यातलं काहीतरी बिघडलंय. नोझलच्या बाबतीत तर नाशिककराने फसूच नये. सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवत आलाय, मायको सर्कल हे नाव त्यावरूनच पडलंय. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, छोटी बाटली लावून कोणता झिजून जास्त डिझेल परत टाकतोय ते बघता येतं. सौद्याआधी ही टेस्ट मागा. विकणारा नको म्हणाला तर तिथून निघा.

काळ्या ऑइलचं कलम सरळ चूक आहे. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीने काळं पडतं, ते त्याचं कामच आहे. मला उलट सोनेरी ऑइल दिसलं की शंका येते, कारण आवाज आणि धूर दाबायला कालच जाड ऑइल ओतलेलं असू शकतं. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र ऑइलमध्ये पाणी उतरलंय.

पाच लाख किलोमीटरची गोष्ट. नीट सांभाळलेला इंजिनाचा ब्लॉक तेवढा टिकतोही. पण तुम्ही ब्लॉक विकत घेत नाही, अख्खी गाडी घेता. गेल्या वर्षी दिंडोरीकडचा एक तरुण व्हॅन घेऊन आला. इंजिन झकास, आत नवं मॅटिंग. मॅटिंग उचललं तर फ्लोअरला भोकं, आणि खाली चेसिसचा पत्रा बोटाने दाबला तर पापुद्रे सुटत होते. गाडीने कित्येक हंगाम द्राक्षाच्या फवारणीची औषधं वाहिलेली. मोरचूद आणि गंधक सांडलं की पत्रा आतून खातात. त्याने गाडीला जेवढे दिले होते, त्यातला मोठा हिस्सा पत्राकामात गेला, आणि तो माझ्यासमोर गप्प उभा होता ते मी विसरलेलो नाही. म्हणून मॅटिंग उचला, गाडी रॅम्पवर चढवा, टॉर्च लावा. नंतर चांदवडजवळच्या राहुड घाटात माणसं बसवून चढवा. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय.

एकच मालक हे आरसीवर लिहिलेलं असतं, तेवढंच. गाडी नावावर करायच्या, सह्या केलेल्या टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरवर, गाडी तीन हातांतून फिरते आणि कागदावर नाव पहिल्याचंच राहतं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने हस्तांतर चौदा दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. रेकॉर्डवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. सरकारच्या वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, टॅक्स, फिटनेस, चलन स्वतः बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

दिल्लीचं थोडक्यात. तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा २०१५ मध्ये हरित लवादाने घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणायला सांगितली, पुढे त्यात बदल होत गेले. गाडी स्वस्त मिळते हे खरं. पण तिथल्या आरटीओची २८ नंबरची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकची, नोंदणी हे सगळं त्या निम्म्या किमतीवर चढतं. एनओसी नसेल तर ती गाडी दारात नुसती उभी राहील.

सिंहस्थासाठी म्हणून जो मेसेज फिरतोय, त्यात पांढऱ्या पाटीबद्दल एक शब्द नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. खासगी नोंदणीच्या व्हॅनमधून भाडं घेऊन भाविक नेले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. पिवळ्या पाटीला, म्हणजे भाड्याच्या गाडीला, परमिट लागतं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावा लागतो. सौद्याला बसण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन या सगळ्याचा खर्च विचारून या, आणि तो किमतीत धरून मगच आकडा बोला.