बंदूक हवी? आधी वानराचा जबाब आणा

कोकणात बाग आहे? वानरं नारळ पाडतात, डुकरं भात लोळवतात? मग शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना काढाच. मार्गदर्शन मी करतो. बाबांच्या नावचा परवाना माझ्या नावावर करायचा सोहळा सध्या आमच्याकडे चालू आहे.

परवानाधारकानं सत्तरी गाठली की परवाना वारसाला देता येतो, असं २०१६च्या शस्त्र नियमांत लिहिलंय. पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय, हेही तिथेच आहे. वाचा आणि घडी घालून ठेवून द्या. फाईल ‘साहेबांकडे’ असते.

‘बंदूक कशाला हवी?’ असं विचारतील. अर्जावर शेतीसंरक्षण लिहिलेलं असतानाही विचारतील. नुकसानीचा फोटो द्या. बाग तुमचीच कशावरून? सातबारा द्या. सातबारा सामाईक? मग मुंबईच्या चुलत्यांची संमती आणा. (एवढी संमती मिळती तर वाटप नसतं झालं?)

डुक्कर मारायचा विचार मनात आणू नका, त्यासाठी वनखातं वेगळं आहे.

हत्यार चालवता येतं याचा दाखला मागतील. बाबा आयुष्यभर बंदुकीत दारू ठासत आले, हा दाखला होत नाही.

आता निवडणूक. ती लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची. २०२४चं वेळापत्रक बघा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, काजू-आंब्याच्या ऐन हंगामात. निकाल ४ जूनला, तोवर बाग रिकामी. १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, भात कापणीला आलेलं. निकाल २३ नोव्हेंबरला. तारखा ठरवायच्या बैठकीला वानरांचा प्रतिनिधी असतो की काय, देव जाणे. बरं, निवडणूक आयोग सरसकट जमा करा म्हणत नाही. छाननी समितीनं एकेक परवाना तपासावा. जामिनावर सुटलेले, गुन्हे नावावर असलेले, दंगलीत सापडलेले, यांची हत्यारं घ्यावीत, असं म्हणतो. पण एकेक कागद तपासणार कोण? त्यापेक्षा गावभर नोटिसा वाटणं सोपं. आणि ठासणीच्या बंदुकीनं बूथ ताब्यात घेणार कसा? दारू भरा, गजानं ठासा, छरे घाला, केप लावा. दुसरा बार भरेपर्यंत मतमोजणी उरकेल! ठाण्यात म्हणे हत्यार सुरक्षित. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरात गोळीबार झाला तो पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, आणि आरोपी आमदार. तिथे कुठल्या बागायतदाराची ठासणीची बंदूक होती?

घाई असेल तर बाग विका आणि पुढारी व्हा. कमरेला पिस्तूल लावून लग्नात फिरलात तरी कोणी सातबारा मागणार नाही.

बास. साहेब, ज्याच्यावर साधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नाही, जो दिवसभर बागेत राबून रात्री राखणीला बसतो, त्याच्या हातातून ऐन हंगामात बंदूक काढून घेताना तुम्हाला काहीच वाटत नाही? गुंडांची यादी तुमच्याच कपाटात आहे. ती काढा, त्यांच्या दारात जा. तिथे जायची छाती होत नाही म्हणून आमच्या दारात येता. आणि माझी फाईल कुठल्या टेबलावर, कशासाठी अडली आहे ते लेखी द्या. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.