चुन्याची निवळी

गेल्या शनिवारी संध्याकाळी ठाण्यातील मत्स्यालयाच्या एका दुकानात, दोन गिऱ्हाइके, दुकानदार आणि हातात जाळी घेतलेला एक पोरगा यांच्यादेखत माझी विज्ञानाची तोंडी परीक्षा झाली आणि तीत मी नापास झालो. माझे वय ४७ आहे. माझ्या परीक्षकांनी घरी एक फायटर मासा पाळला आहे. तो काचेच्या बरणीत एकटाच राहतो आणि त्याला दिवसाला चार दाणे पुरतात. ही माहिती आधीच देऊन ठेवतो, कारण ती आठवली की मला अजूनही जरा बरे वाटते.

प्रकरणाचे मूळ माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. तेथे २०० लिटरचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असून त्यात दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्यांच्या वाटेला मी जात नाही. शुक्रवारी रात्री मी या पाण्यातील कॅल्शियम तपासले. चाचणीच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, ते आधी गुलाबी होते, मग दुसऱ्या बाटलीतील थेंब मोजत टाकायचे आणि गुलाबीचा निळा झाला की थांबायचे. एका थेंबाला लिटरमागे २० मिलिग्रॅम असा हिशेब असतो. एकोणीस थेंबांना मी थांबलो. पत्नीने नळी दिव्याखाली धरून सांगितले, "हा निळा नाही, हा वांगी रंग आहे. आणखी दोन थेंब टाका." पैठणीच्या दुकानात दोन-दोन तास बसण्याचा तिला अनुभव असला तरी हा विषय रसायनशास्त्राचा आहे, असे मी तिला शांतपणे समजावले आणि वहीत ३८० लिहिले. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण ४०० ते ४२० असते. त्यानंतर मला नीट झोप लागली नाही.

म्हणून शनिवारी मी त्या दुकानातील निळ्या बाटल्यांच्या फळीसमोर उभा होतो. या छंदात नसलेल्यांना कल्पना यायची नाही, पण ही फळी एखाद्या औषधाच्या दुकानाइतकी भरलेली असते. कॅल्शियमची बाटली वेगळी, क्षारतेची (म्हणजे कार्बोनेटची) वेगळी, मॅग्नेशियमची वेगळी, आयोडीनची इवलीशी आणि सर्वांत महाग; शिवाय 'रंग खुलवणारी' एक, जिच्यात काय आहे हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते. मी एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात बाटली धरून विचार करीत असताना शेजारून आवाज आला, "हे काय आहे हो?"

गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. माशाच्या दाण्यांची वीस रुपयांची पुडी त्यांनी घेऊन झाली होती, पैसेही देऊन झाले होते, आणि घरी जाण्याची घाई त्यांना मुळीच दिसत नव्हती. त्यांनी माझ्या हातातील डबा अलगद काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचले, "काल्क... वासर. वासरांचे औषध तुम्ही माशांना घालता?"

"नाही काका, हा जर्मन शब्द आहे," मी म्हणालो. "काल्क म्हणजे चुना आणि वासर म्हणजे पाणी."

ते क्षणभर गप्प राहिले. "म्हणजे चुन्याची निवळी."

"तसेच काहीसे."

"तसेच काहीसे कसे? चुन्याचे पाणी म्हणजे चुन्याची निवळीच. केवढ्याला?"

मी ९०० रुपये असे पुटपुटलो. "चुन्याची निवळी नऊशे रुपयांना," ते म्हणाले. पण हे त्यांनी मला सांगितले नाही, सगळ्या दुकानाला सांगितले. लहान मुलाला घेऊन गोल्डफिश पाहायला आलेल्या एक बाई वळून माझ्याकडे बघू लागल्या.

यानंतर त्यांनी फळीवरील एकेक बाटली उतरवून तपासायला सुरुवात केली. कॅल्शियम क्लोराइड: "पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला डबे ठेवतात ना, त्यात हेच असते." सोडियम बायकार्बोनेट: "खाण्याचा सोडा. ढोकळ्यातला." सोडियम कार्बोनेट: "हा धुण्याचा." मॅग्नेशियम सल्फेटच्या बाटलीपाशी मात्र त्यांचा चेहरा उजळला. "हे आमच्या लहानपणी जुलाबासाठी देत असत," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू माझ्या माशांची पोटे बिघडल्याची बातमी त्यांना नुकतीच कळली होती. बाईंचा मुलगा हसला. सात वर्षांचे ते पोर हसले ते 'जुलाब' या शब्दाला, हे मला कळते. तरीही मी ते विसरलेलो नाही.

"मॅग्नेशियम हवेच असते," मी जरा तिखट स्वरात म्हणालो. "ते कमी पडले तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना बिलगून तळाशी बसतात. समुद्रात ते १३०० च्या आसपास असते म्हणूनच दोन्ही विरघळलेली राहतात."

"हं," ते म्हणाले. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्याचे त्यांनी नंतर सांगितले, पण त्या एका 'हं'मधूनच मला ते कळायला हवे होते. पाचपैकी अडीच गुण देणाऱ्या माणसाचा तो 'हं' होता.

मग त्यांनी मूळ मुद्दा पुन्हा हाती घेतला. चुना हवा असेल तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून घ्यावा, दहा रुपयांची डबी महिनाभर पुरेल, असा त्यांचा सल्ला होता. पानाच्या चुन्यात आणखी काय काय असते ते डबीवर लिहिलेले नसते, आणि नको ती अशुद्धी पाण्यात गेली तर प्रवाळ मिटून बसतात, असे मी म्हणालो.

"मग याच्यावर कुठे लिहिले आहे?" त्यांनी विचारले.

येथे मी थोडा वेळ विनोद बाजूला ठेवतो, कारण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. यातील बहुतेक बाटल्यांवर द्रावण किती तीव्र आहे हे लिहिलेले नसते. शंभर लिटरला अमुक झाकणे घाला, एवढेच असते. त्या एका झाकणाने कॅल्शियम किती वाढेल हे मात्र आपण दोन हजारांचा चाचणी-संच घेऊन, वांगी आणि निळा यांतला फरक ओळखून, स्वतःच शोधायचे. परदेशी बाटलीवर निदान काहीतरी छापलेले असते, पण आपल्याकडे ती पोचेपर्यंत आयात करणाऱ्याने तिच्यावर किमतीचे स्टिकर डकवलेले असते, आणि बाटलीवर मागे, पुढे, बुडाशी भरपूर मोकळी जागा असताना ते नेमके सूचनांवर डकवण्याची कला या लोकांनी कुठून आत्मसात केली आहे हे मला समजत नाही. खोकल्याच्या औषधावर असे स्टिकर लावले तर आरडाओरडा होईल. प्रवाळ ओरडू शकत नाहीत म्हणून हे चालते.

सरांनी (आता त्यांना काका म्हणणे शक्य नव्हते) अंगठ्याच्या नखाने ते स्टिकर खरवडायला घेतले. दुकानदार काउंटरमागून ओरडला, "काका, स्टिकर काढू नका, मग माल परत जात नाही."

"विकत घेण्याआधी वाचून बघावे म्हणतो."

"वाचायचं काय त्यात? मी सांगतो ना. दोनशे लिटरला दहा-दहा झाकणं."

आणि या क्षणी मी दुकानदाराची बाजू घेतली. "राहू द्या सर, उगाच स्टिकर फाटेल," असे मीच म्हणालो. चारचौघांत जुलाबापर्यंत गेलेले संभाषण कसेही करून संपावे, एवढाच माझा हेतू होता.

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि ते माझ्याकडे वळले. इथपर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणत होते. "चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली तर काय होते, सांग."

"दुधाळ होते, सर." माझे हात आपोआप पाठीमागे गेले होते.

"का?"

"आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम कार्बोनेट तयार होते."

"ते पाण्यात विरघळते?"

"नाही, सर."

"शाब्बास. आता तशीच फुंकर मारत राहिलास, थांबलाच नाहीस, तर?"

मला आठवेना. दुधाळ पाणी आणखी दुधाळ होणार, दुसरे काय होणार, असे मनात आले, पण ज्या अर्थी विचारत आहेत त्या अर्थी ते उत्तर नसणार, हेही कळत होते. पंपांची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात जाळी धरलेला तो पोरगा, जो एरवी कोणत्याही प्रश्नाला 'शेठला विचारा' एवढेच उत्तर देतो, टाकीत वाकल्या वाकल्या म्हणाला, "परत क्लियर होतं. बायकार्बोनेट बनतं, ते विरघळतं." तो यंदा अकरावी विज्ञानला आहे, असे कळले. सरांनी त्याला जवळ बोलावून शाळा विचारली, पाठीवर थाप मारली आणि मेथीची जुडी आत सारत मला जाता जाता विचारले, "बरे, तुमचे ते प्रवाळ आजारी आहेत का?"

"नाही."

"वाढत नाहीत?"

"वाढतात."

"मग मालवणच्या समुद्रात त्यांना कोण झाकणे मोजून घालतो?" असे म्हणून ते पायऱ्या उतरले. याला मात्र माझ्याकडे चोख उत्तर होते. मालवणच काय, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचा आख्खा प्रवाळपट्टा भर समुद्रात बुडालेला आहे. पण तेथे २०० लिटर पाणी नाही, अरबी समुद्र आहे, आणि त्यातले कॅल्शियम एखाद्याने वापरले तरी समुद्राला पत्ता लागत नाही. माझ्या काचेच्या पेटीत जे संपले ते संपले. हे उत्तर मला रिक्षात बसल्यावर सुचले. खरे तर ते अर्धेच होते, कारण मऊ प्रवाळांना कॅल्शियम लागते तरी किती? आठवड्याला २० लिटर पाणी बदलले आणि त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने ताजे मीठ घातले की त्यांची गरज बहुधा भागते. हेही मला ठाऊक होते. तरीही माझ्या मांडीवर कॅल्शियम आणि क्षारता अशा दोन बाटल्यांची १,४५० रुपयांची जोडी होती, कारण त्या परीक्षेनंतर रिकाम्या हाताने बाहेर पडणे मला जमले नसते.

रात्री जेवण झाल्यावर मी दहा झाकणे कॅल्शियम घातले आणि त्याच झाकणाने, ते न धुता, त्याच कोपऱ्यात, लागलीच दहा झाकणे दुसरे. झाकण फिरवून बंद करताना माझ्या मनात सरांना द्यायची उत्तरे चालली होती. मान वर केली तेव्हा पंपाच्या तोंडातून पांढरा लोट निघत होता, आणि पाच मिनिटांत क्लाउनफिश दिसेनासे झाले. बैठकीच्या खोलीत २०० लिटर ताक उभे होते. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना बिलगले होते. ज्या उत्तराला मला दुकानात अडीच गुण मिळाले होते, नेमके तेच.

स्टिकर मी नंतर केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून सोलले. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या होत्या. पहिली, दोन्ही द्रावणे एका वेळी घालू नयेत, मध्ये अवकाश ठेवावा. दुसरी, कमाल मात्रा. तीत दहा झाकणे कुठेही नव्हती.

रात्री एक वाजता मी त्या पाण्याचा एक पेला भरून घेतला आणि सरबताच्या नळीने त्यात फुंकर मारत बसलो. परत क्लियर होतं, असे तो पोरगा म्हणाला होता. दहा मिनिटांनंतर पेला होता तसाच होता आणि मला गरगरू लागले होते. पत्नी पाणी प्यायला उठली, तिने माझ्याकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, टाकीकडे पाहिले आणि काही न विचारता परत गेली.

सकाळपर्यंत पाणी आपोआप निवळले. मासे, कोळंबी, सगळे सुखरूप आहेत. पंपावर तेवढा चुन्याचा पापुद्रा धरला आहे, तो व्हिनेगरमध्ये भिजत ठेवला आहे. क्षारता तपासली तर शुक्रवारी ८ होती, ती ६ भरली, म्हणजे पदरचे १,४५० रुपये घालून होते त्यातलेही मी कमी केले. कॅल्शियमची चाचणी मात्र अजून पुन्हा केलेली नाही, कारण ती करताना पत्नी शेजारी उभी राहील.