पैसे ओतले की वर्ल्ड सिरीज मिळते, हे खरं नाही

जानेवारी २०२६ मध्ये काइल टकर या बेसबॉलपटूने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमबरोबर ४ वर्षांचं २४० मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं आणि तेव्हापासून एकच सूर ऐकू येतोय, अमेरिकेत तर आहेच पण आपल्या मराठी ग्रुपांवर पण, जिथे अर्धी मंडळी न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाची आणि अर्धी माझ्यासारखी पुण्यात पहाटे उठून मॅच बघणारी. म्हणणं असं की डॉजर्सनी पैशाच्या जोरावर लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची सात मॅचपर्यंत चालणारी फायनल) विकत घेतल्या, त्यांचा स्टार ओहतानी याचा पगार पुढे ढकलून नियमांना बगल दिली, छोट्या टीम्सना आता चान्सच उरला नाही, आणि यावर उपाय एकच, आयपीएलसारखी खर्चाला मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. बळी तो कान पिळी, संपला विषय.

मला हे पटत नाही, आणि नुसतं पटत नाही असं नाही, याचा मला त्रास होतो, कारण यात दोष चुकीच्या माणसांवर जातो. एकेक घेऊ.

"विकत घेतल्या." २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची गेम ७, म्हणजे शेवटची मॅच, आठवा. टोरांटोमध्ये, टोरांटोच्याच टीमविरुद्ध, आपल्याकडे रविवार २ नोव्हेंबरची सकाळ. (त्याच दिवशी संध्याकाळी नवी मुंबईत आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल होती, मी दिवसभर टीव्हीसमोरून हललो नाही, आयुष्यातला एक सोन्याचा रविवार.) डॉजर्स जिंकले ५-४, नेहमीच्या ९ इनिंग्जनंतर बरोबरी होती म्हणून ११ इनिंग्जमध्ये. त्यात त्यांच्या तीन होमरन (आपल्या सिक्ससारखा थेट बाहेर गेलेला फटका) होत्या. आठव्या इनिंगमध्ये मॅक्स मन्सी, नवव्यात मिगेल रोहास, अकराव्यात विल स्मिथ. आता हे तिघं आले कुठून बघा. मन्सीला २०१७ मध्ये ओकलंडने काढून टाकलं होतं, डॉजर्सनी त्याला मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या लीगच्या, कॉन्ट्रॅक्टवर उचलला, तेव्हा तो कुणालाही जवळपास फुकटात मिळाला असता. रोहास ३६ वर्षांचा, मुळात फील्डिंगसाठी ठेवलेला, मार्लिन्सकडून ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, आलेला, वर्षाला ५ मिलियन, म्हणजे या बाजारात अगदी किरकोळ. आणि स्मिथ २०१६ च्या ड्राफ्टमधला (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो), ३२ वा पिक, म्हणजे ३१ वेळा टीम्सनी दुसरं कुणीतरी निवडलं तेव्हा तो डॉजर्सपर्यंत पोचला. नवव्या इनिंगच्या शेवटी बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर टोरांटोचे रनर, असताना जो कॅच अँडी पाहेसने धावत जाऊन सहकाऱ्यावर आदळत घेतला, तो पण क्यूबाहून पोरवयात साइन करून त्यांच्याच मायनर लीगमध्ये तयार केलेला पोरगा.

पिचर (बेसबॉलमधला बॉलर) यामामोतो विकत आणलेला, हे मान्यच. १२ वर्षांचे ३२५ मिलियन, शिवाय त्याच्या जपानमधल्या ओरिक्स टीमला द्यावी लागलेली ५० मिलियनच्या वरची रक्कम वेगळी. त्याने ती सिरीज अक्षरशः खांद्यावर घेतली, गेम २, गेम ६ आणि दुसऱ्याच दिवशी परत येऊन गेम ७, तिन्ही विजय त्याच्या नावावर. ओहतानी आणि फ्रीमन पण फ्री एजंट, म्हणजे हवी ती टीम निवडायला मोकळे खेळाडू, म्हणून आलेले. हे नाकारायचं कारणच नाही. पण त्याच हिशोबात हे पण लिहा की टॅनर स्कॉटला ४ वर्षांसाठी ७२ मिलियन देऊन क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) म्हणून आणला आणि २०२५ च्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, त्याने एकही बॉल टाकला नाही. मायकल कॉनफोर्टोला एका वर्षाचे १७ मिलियन, बॅटिंगची सरासरी .१९९, म्हणजे फारच कमी, प्लेऑफच्या रोस्टरमध्ये नावच नाही. मग शेवटच्या इनिंग्ज टाकायला उभा कोण राहिला, तर रोकी सासाकी, ज्याला साडेसहा मिलियनचा बोनस देऊन घेतला होता. २५ वर्षांखालचा परदेशी खेळाडू असला की बोनसची रक्कम नियमाने बांधलेली असते, त्यामुळे ती रक्कम पिट्सबर्गसारख्या छोट्या टीमला पण परवडली असती. त्याने डॉजर्स निवडले कारण तिथे पिचर नीट घडवतात असं त्याला वाटलं असावं. आता हे घडवणं म्हणजे स्काउटिंग, कोचिंग, डेटा बघणारी माणसं, यालाही पैसा लागतो, पण एका बऱ्या फ्री एजंटच्या पगारात असा अख्खा विभाग उभा राहतो.

आणि पैशाने ट्रॉफी येत असती तर न्यू यॉर्कच्या मेट्सकडे ठेवायला जागा उरली नसती. २०२३ मध्ये शेर्झर आणि व्हरलँडर या दोघा पिचरांना वर्षाला ४३ मिलियनच्या वर, तोपर्यंतच्या इतिहासातली सगळ्यात महागडी टीम, ७५ विजय ८७ पराभव, आणि हंगाम अर्धा झाल्यावर दोघांनाही ट्रेड करून टाकलं. मग डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन, खेळांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट, तो खेळलाही छान, तरी ८३-७९, प्लेऑफ नाही. एंजल्सचं तर वाईट वाटतं. पुहोल्सला १० वर्षांचे २४०, रेंडनला ७ वर्षांचे २४५, ट्राउट आणि ओहतानी एकाच टीममध्ये, आणि २०१४ नंतर एकदाही प्लेऑफ नाही. यँकीज दरवर्षी वरच्या काही टीम्समध्ये खर्च करतात, शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती २००९ मध्ये.

खुद्द डॉजर्सच बघा ना. २०१३ पासून एकही वर्ष प्लेऑफ चुकलेलं नाही, पण २०१५ मध्ये साधारण ३०० मिलियनची टीम पहिल्याच फेरीत मेट्सकडून हरली, २०२२ मध्ये १११ मॅच जिंकून पाद्रेसकडून हरली, २०२३ मध्ये १०० जिंकून डायमंडबॅक्सने ३-० ने उडवली. ते डायमंडबॅक्स पगाराच्या यादीत खालच्या अर्ध्यात होते, ८४ मॅच जिंकून कसेबसे प्लेऑफमध्ये घुसले होते आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले.

मग पैशाने नेमकं मिळतं काय? माझ्या मते उत्तर कॉनफोर्टोत आहे. त्याचे १७ मिलियन वाया गेले आणि डॉजर्सना काही फरक पडला नाही. स्नेल आणि ग्लासनाऊ दोघं २०२५ मध्ये बरेच महिने इंज्युअर्ड होते, चाललं, कारण मागे अजून चार पिचर उभे होते. हेच मिलवॉकीसारख्या छोट्या टीमच्या बाबतीत झालं असतं तर हंगाम गेला असता. पैसा चूक परवडवतो. ही असमानता खरी आहे आणि मोठी आहे, त्याबद्दल जरूर बोलूया, पण "ट्रॉफी विकत घेतली" आणि "चुकीची किंमत कमी झाली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली म्हटली की रोहास, स्मिथ, पाहेस आणि त्यांना शोधणारे स्काउट सगळे पुसले जातात.

आता ओहतानीच्या पगाराचा मुद्दा, हा सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो. १० वर्षांचे ७०० मिलियन, त्या वेळच्या दराने साधारण ५,८०० कोटी रुपये, त्यातले ६८० मिलियन २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, आत्ता वर्षाला फक्त २. यावरून लोक म्हणतात टॅक्स चुकवला. नाही चुकवला. लक्झरी टॅक्सच्या (पगारावरचा खर्च ठराविक रकमेच्या वर गेला की टीम भरते तो) हिशोबात त्याचा आकडा २ धरत नाहीत, पुढच्या पैशाची आजची किंमत काढून वर्षाला साधारण ४६ मिलियन धरतात. शिवाय पुढे द्यायचे पैसे टीमला आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात. आणि ही सोय एकट्या डॉजर्सना नाही, ३० च्या ३० टीम्सना आहे. वॉशिंग्टनने २०१५ मध्ये शेर्झरच्या २१० मिलियनपैकी अर्धे असेच पुढे ढकलले होते आणि २०१९ ला वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा कुणी ओरडलं नाही. मेट्स तर बॉबी बोनियाला २०११ पासून दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर देतायत, २०३५ पर्यंत देणार, आणि त्याने खेळणं २००१ मध्येच सोडलं.

टॅक्स तर डॉजर्स भरतातच. २०२५ चं बिल साधारण १६९ मिलियन, निव्वळ टॅक्स, कित्येक टीम्सच्या अख्ख्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. वरून टकर किंवा एडविन डियाझसारखा क्वालिफायिंग ऑफर (जुन्या टीमने दिलेली एका वर्षाची ठराविक रकमेची ऑफर) नाकारून आलेला खेळाडू घेतला की टॅक्स भरणाऱ्या टीमचे दर खेळाडूमागे दोन ड्राफ्ट पिक जातात.

"छोट्या टीम्सना चान्स नाही" हे वाचलं की मला सगळ्यात आधी मिलवॉकीचे ब्रूअर्स आठवतात. २०२५ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वात जास्त विजय कुणाचे? मिलवॉकीचे, ९७. डॉजर्सशी हंगामात सहा मॅच, सहाच्या सहा जिंकल्या. त्यांचा पिचर बर्न्स जाणार हे कळल्यावर त्याला आधीच ट्रेड करून ऑर्टिझ आणि हॉल घेतले, डेव्हिन विल्यम्सला यँकीजकडे देऊन डर्बिन घेतला, शिकागो व्हाइट सॉक्सने मायनर लीगमध्ये पाठवलेला अँड्र्यू व्हॉन उचलला आणि तो येऊन होमरन मारायला लागला. जानेवारी २०२६ मध्ये पिचर फ्रेडी पेराल्टा मेट्सला दिला. दरवर्षी आपला आवडता खेळाडू जाताना बघणं फॅनला किती जड जातं हे मी समजू शकतो. प्लेऑफमध्ये डॉजर्सनी त्यांना ४-० ने धुतलं, शेवटच्या मॅचमध्ये ओहतानीने स्वतः पिचिंग करत १० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून तीन होमरन मारल्या, त्या दिवशी समोर कुठलीही टीम असती तरी तेच झालं असतं.

टोरांटो तशी छोटी टीम नाही, पण ओहतानी आणि सोतो दोघांच्या मागे धावून दोघंही हातचे गेलेली टीम आहे. २०२४ मध्ये त्यांच्या ग्रुपमध्ये शेवटची, ७४-८८. एका वर्षात वर्ल्ड सिरीजच्या गेम ७ पर्यंत. त्यात गेम ५ ला १२ स्ट्राइकआउट घेणारा ट्रे येसावेज २०२४ च्या ड्राफ्टमधला पोरगा, हंगामाच्या सुरुवातीला मायनर लीगच्या खालच्या पायरीवर होता. आणि एका पोस्टसीझनमध्ये ३० हिट्सचा विक्रम करणारा अर्नी क्लेमेंट, त्याला कुणी काढलं होतं माहितीये? मन्सीला काढणाऱ्या त्याच टीमने.

आता उलटं उदाहरण, पिट्सबर्गचे पायरेट्स. माझा सगळा राग इथे आहे. त्यांचा पिचर पॉल स्किन्स, २०२३ चा पहिला पिक, २०२५ मध्ये ईआरए (९ इनिंग्जमागे दिलेल्या रनची सरासरी) १.९७, सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड एकमताने, आणि त्याचा स्वतःचा रेकॉर्ड १०-१०. म्हणजे पोरगा ९ इनिंग्जमागे दोन रन पण देत नाही आणि तरी दहा मॅच त्याच्या नावावर पराभव म्हणून लागतात, कारण त्याच्यामागे रन करणारी माणसं आणलीच नाहीत. त्या वर्षी त्याचा पगार ९ लाख डॉलरच्या आत. पहिली सहा वर्षं खेळाडू फ्री एजंट होऊ शकत नाही, त्यातली पहिली दोन-तीन तर जवळपास किमान पगारावर जातात, म्हणजे बेसबॉलमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी पिचर पिट्सबर्गच्या हातात आहे. अशा वेळी खर्च करायचा नाही तर कधी करायचा? प्रत्येक टीम आपल्या लोकल उत्पन्नाचे ४८ टक्के एका सामाईक खात्यात टाकते आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जातात, म्हणजे लॉस एंजेलिसच्या तिकिटांचा आणि टीव्हीचा पैसा पिट्सबर्ग-मायामीला पोचतोच. हा पैसा टीम सुधारायला वापरत नाहीत म्हणून २०१८ मध्ये खेळाडूंच्या युनियनने पायरेट्स, मार्लिन्स, रेज आणि ओकलंड या चौघांविरुद्ध रीतसर तक्रार केली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, आणि फॉरवर्डमध्ये यावर एक ओळ नसते.

राहिली सॅलरी कॅप. आपल्याला ती नैसर्गिक वाटते कारण आपण आयपीएल बघत मोठे झालो. पण आयपीएलच बघा, पहिल्या १८ सीझन्समधल्या १० ट्रॉफ्या दोनच टीम्सकडे, आपली मुंबई पाच आणि चेन्नई पाच, आणि पर्स सगळ्यांची सारखी. २०२५ मध्ये लखनौने पंतवर २७ कोटी लावले आणि सातवे आले. आणि बेसबॉलमध्ये कॅप नसताना २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत आठ वेगवेगळ्या टीम्स चॅम्पियन झाल्या. २००० नंतर लागोपाठ दोनदा जिंकायला कुणालाही जमलं नव्हतं, ते जमवायला डॉजर्सना २०२५ उजाडलं आणि ते सुद्धा ११ व्या इनिंगमध्ये. कॅपने एक गोष्ट नक्की होते, खेळाडूंचा वाटा बांधला जातो आणि उरलेलं मालकांकडे राहतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

खेळाडूंना लोभी म्हणणाऱ्यांनी कर्ट फ्लड कोण होता ते बघावं. १९६९ मध्ये सेंट लुइसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला ट्रेड केलं, त्याने जायला नकार दिला, मी काही विकायची वस्तू नाही म्हणून कोर्टात गेला, एका वर्षाचा पगार सोडला, सुप्रीम कोर्टात १९७२ मध्ये ५-३ ने हरला, आणि करिअर त्याआधीच संपलं होतं. तोपर्यंत टीमला हवं तर खेळाडू जन्मभर बांधून ठेवता यायचा. फ्री एजन्सी आली ती १९७५ च्या शेवटी, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने लागलेल्या निकालाने. १९९४ मध्ये मालकांनी कॅप लादायचा प्रयत्न केला, खेळाडू संपावर गेले आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली.

मालक आणि खेळाडूंच्या युनियनमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि कॅपची मागणी परत टेबलावर येणार, त्यासाठीच हे वातावरण तापवलं जातंय असं मला वाटतं. मर्यादा आणायचीच असेल तर खालून आणा, प्रत्येक टीमने किमान इतका खर्च केलाच पाहिजे आणि वाटणीतला पैसा खेळाडूंवरच गेला पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीला मायामीच्या मार्लिन्सचा सगळा पगार ७० मिलियनच्या आसपास होता, डॉजर्सच्या निव्वळ टॅक्सच्या निम्म्यापेक्षा कमी. डॉजर्सना खाली खेचून मायामीच्या फॅनला नेमकं काय मिळणार आहे?

स्किन्स २०२९ च्या हंगामानंतर फ्री एजंट होईल. पायरेट्सकडे २०२६ धरून चार हंगाम आहेत.