कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर खराब ठरत नाही

जुन्या गाड्यांबद्दल एक मेसेज खूप फिरतोय: 'चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावा. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदला आणि कोड पुसा. दिवा गेला की काम झालं. काही तडकलं असेल तर बॉनेट उघडल्यावर दिसतंच.' यातलं 'स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा' एवढंच बरोबर आहे. बाकीचं ऐकून लोक धडधाकट सेन्सर काढून टाकतात आणि मूळ बिघाड गाडीतच राहतो.

'नाव आलं तो सेन्सर खराब' हे सगळ्यात नुकसान करणारं वाक्य. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पार्ट दिसत नाहीत, फक्त सिग्नल दिसतात. पी०१७१ (P0171) हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही खबर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून बदलला जातो तोच. पण हवा कुठून तरी जास्त येत असेल तर तो बिचारा खरंच सांगतोय. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून रबर कडक होतं आणि वळणावर तडकतं. पीसीव्हीचा पाइप (इंजिनाच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये नेणारा), ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट या जागा आधी बघा.

कारण शोधायला स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम उघडा. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. समजा, गरम इंजिनावर आयडलिंगला शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेली) ट्रिमची बेरीज +२५ आहे आणि २५०० आरपीएमवर धरल्यावर ती +५ पर्यंत उतरते. मग संशय व्हॅक्यूम लीकवर घ्या. आयडलिंगला इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यात फटीतून घुसलेल्या हवेचा वाटा मोठा असतो. थ्रॉटल उघडला की तो किरकोळ होतो. उलट लोड वाढेल तशी ट्रिमही वाढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) तपासा. (हा हिशोब एअरफ्लो सेन्सरच्या गाड्यांचा. नुसता मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा, असेल तर लीकमुळे ट्रिम फारशी न हलता आयडलिंगच चढलेलं दिसू शकतं.)

'किमान सर्किटचा कोड आला तर सेन्सरच गेला' असंही सांगतात. तेही नाही. पी०१३५ हा ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड फ्यूज उडाल्यावरही येतो आणि वायर गरम पाइपला टेकून वितळल्यावरही. इनटेक हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) नुसता काढून ठेवा, सेन्सर कोरा करकरीत असला तरी पी०११३ येईल. आधी कपलर, पिना आणि वायर मल्टिमीटरने तपासा.

आता 'तडा दिसतोच' या दाव्याकडे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा केसाएवढा तडा हीट शील्डखाली लपलेला असतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिक-टिक ऐकू येते, गरम झाल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटते आणि आवाज थांबतो. गॅरेजमध्ये गरम गाडी नेली तर कुणाला काही सापडत नाही. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधे हाच तडा बाहेरची हवा आत खेचतो. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून गाडी रात्रभर थंड ठेवा, सकाळी कान देऊन ऐका, शील्ड काढून काजळीची काळी रेघ शोधा. रबरी पाइप इंजिन बंद असताना हाताने वाकवून खालची बाजू बघा, तडे बहुधा तिथेच असतात. तरीही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून लीक शोधण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका, आग लागू शकते.

आणि 'दिवा गेला की काम झालं'? कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान किती होतं, ती माहिती तिथेच असते. शिवाय बरेच बिघाड गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, त्यामुळे पुसल्यावर काही काळ दिवा विझलेला राहणारच. आधी कोड, फ्रीझ फ्रेम आणि ट्रिमचे आकडे लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी थंड असल्यापासून नीट गरम होईपर्यंत चालवा, मग पेंडिंग कोड (नोंदलेला, पण अजून दिवा न लावलेला) आणि ट्रिम पुन्हा बघा. ट्रिम शून्याच्या आसपास आली नसेल, तर दिवा विझलेला असला तरी शोध चालू ठेवा.