निकाल लागल्यावर शहाणे कसे व्हावे

निकालाआधी बोलायला अभ्यास लागतो, नंतर नुसता आवाज पुरतो. त्यामुळे ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या सकाळपर्यंत महाराष्ट्रात महायुतीला ४५ जागा वाटत बसलेले तुम्ही, दुपारी बिनदिक्कत सांगू शकता, "मी म्हणतच होतो." आकडे तेवढे पाठ करा : ४८ पैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७. उरलेली एक सांगलीची. बंडखोरी करून जिंकलेल्या विशाल पाटलांना अपक्ष म्हणायचं की काँग्रेसचे, हे समोर कोण बसलंय ते बघून ठरवा.

मग राज्याचे तुकडे पाडा आणि तुकड्याला एकच कारण द्या. मराठवाडा : जरांगेंचं मराठा आरक्षण. विदर्भ : संविधान. दिंडोरी : कांदा. दोन कारणं दिलीत तर लोकांना शंका येते, गड्याला नक्की माहीत नाही. एखाद्या आगाऊ पोराने विचारलंच, की मग शेजारी जळगाव, रावेर भाजपकडे कसे राहिले, तर केळीवर निर्यातबंदी नव्हती असं सांगून चहा मागवा.

बीडमध्ये भाजपच्या ओबीसी नेत्या पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या. एवढ्याशा फरकाला 'लाट' म्हणायला कचरू नका. तीच मतं इकडची तिकडे झाली असती, तर ओबीसी एकजुटीवरचं भाषण तुमच्या खिशात होतंच. वायव्य मुंबईत शिंदेसेनेचे रवींद्र वायकर ठाकरेसेनेविरुद्ध ४८ मतांनी आले. एका बेस्ट बसभर माणसांच्या जोरावर खरी शिवसेना कोणाची, याचा निवाडा देऊन टाका.

पिपाणीला, म्हणजे शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारीशी मिळत्याजुळत्या त्या निवडणूक चिन्हाला, मात्र हात लावू नका. साताऱ्यात तुतारीविरुद्ध भाजपचे उदयनराजे ३२ हजारांवर मतांनी जिंकले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. दिंडोरीत तर असाच एक अपक्ष, आडनावही विजयी उमेदवाराचंच, लाखाच्या पुढे गेला. तुतारी समजून लोकांनी भलतंच बटण दाबलं असेल, हे एकदा कबूल केलंत की जातीची गणितं, नेत्यांचा करिश्मा, तुमचे रंगीत नकाशे, सगळंच ढासळतं. उमेदवाराची बाजू मांडायला त्याचा पक्ष आहे, तुमच्या नकाशांना तुमच्याशिवाय कोण आहे?

या सगळ्याची मुदत नोव्हेंबरपर्यंतच. विधानसभेला त्याच मराठवाड्यात, त्याच विदर्भात युती सुसाट सुटली, भाजप एकटा १३२ वर गेला. तेव्हा तुकडे पुन्हा जोडा आणि अख्ख्या राज्याला एकच कारण लावा : लाडकी बहीण. कोणी जूनमधलं तुमचं बोलणं काढून दाखवलं, तर "लोकसभेचे मुद्दे वेगळे असतात" म्हणा. किती वेगळे, ते विचारायला कोणी थांबत नाही.