मखर नव्हे, प्रोजेक्ट

डिझाइनच्या पहिल्या वर्षाला ‘उजेड आणि सावली’चा, म्हणजे कोरलेल्या जाळीमागे दिवा ठेवून भिंतीवर सावली पाडायचा प्रोजेक्ट आला, की रत्नागिरी-कुडाळकडच्या पडव्यांतून एकच देखावा दिसतो. 300 जीएसएमची जाड कार्डशीट, कटर, फेविकॉल आणि मान मोडून जाळी कोरत बसलेलं पोर. शेजारचे काका डोकावतातच, “गणपतीक अजून वेळ आसा मां रे? मखर आत्ताच?”

काकांचं काही चुकत नाही. पोराने सगळा जीव जाळीत ओतलेला असतो आणि दिवा मात्र न्हाणीघरातला काढून लावलेला असतो. माझं विचाराल तर निम्मे मार्क दिव्यालाच ठेवावेत.

हिशेब करून बघा. दुधी एलईडी बल्ब 6 सेंमी रुंद. त्याच्यापासून 20 सेंमीवर जाळी, जाळीपासून 60 सेंमीवर भिंत. दिव्यापासून भिंत 80 सेंमी, म्हणजे जाळीच्या चौपट लांब, म्हणून सावली चौपट होते, 1 सेंमीची पट्टी भिंतीवर 4 सेंमी, म्हणून पोर हरखतं. पण कडेचा धूसरपणा काढायचा तर 6 गुणिले 60 भागिले 20, म्हणजे 18 सेंमी. चार सेंटिमीटरच्या पट्टीला अठरा सेंटिमीटरची झालर! जागरण करून कोरलेली कमळं भिंतीला ओल आल्यासारखी दिसतात, आणि कोकणात ओल खरोखरच आलेली असल्यामुळे परीक्षकही बुचकळ्यात पडतात.

मोबाइलचा टॉर्च लावा. उजेडाचा ठिपका जेमतेम 5 मिमी, म्हणजे त्याच हिशेबाने कड दीड सेंमी. फक्त फोन पालथा करून टॉर्चचे दाणे मोजा. दोन असले तर प्रत्येक कमळाला जुळं होतं. एकावर काळी चिकटपट्टी मारावी. एलईडीच्या माळेच्या वाटेला तर जाऊच नये. साठ दाणे, साठ सावल्या, आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. दिवा खोक्यात ठेवलात तर खोक्याला आतून काळा कागद लावा, नाहीतर त्याच्या पांढऱ्या बाजू उजेड परतवतात आणि काळी सावली राखाडी होते.

ऊन फुकट मिळतं म्हणून काहीजण अंगणात मांडतात. कड छान येते, मीटरभर अंतराला साधारण 9 मिमीच धूसर. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात इकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाखालीच. सकाळी नऊला मांडावं हे बरं.

हे सगळं कुडाळजवळच्या पिंगुळीत सावल्यांचा खेळ करणाऱ्या ठाकर कलावंतांनी कधीच सोडवलंय. चामड्याची बाहुली ते पडद्याला टेकवून नाचवतात. 60 च्या जागी शून्य घाला, दिवा केवढाही असो, कड स्वच्छ.

पावसात निराळीच तऱ्हा. कार्डशीट दमट होऊन पोक काढते. सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लॅस्टिकचा हलका बोर्ड, पाणी पीत नाही, पण 5 मिमी जाडीत 5 मिमीचं भोक पाडलं तर 45 अंशांपुढचा तिरपा उजेड आतच अडतो, आणि नाजूक पाकळ्या मोडतात त्या मोडतातच. शिवाय दिव्यावर किड्यांची पाखरं येतात. दिव्यापासून 5 सेंमीवर भिरभिरणारं पाखरू भिंतीवर सोळापट होतं, आणि परीक्षकांना नेमकं तेच आवडतं. वीज तर जाणारच. जाऊ द्या, टॉर्चवाल्याचं काही अडत नाही, उलट पडदे न लावता खोली काळोखी होते. फोन तेवढा चार्ज करून ठेवा.