अंगणातल्या तोटीच्या पोस्टवर आलेल्या कमेंटला उत्तर

दादा, अंगणातली गळणारी तोटी काढून नवी कशी बसवायची या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय की वायसर बदलून भागलं असतं, अख्खी तोटी काढायला सांगून मी लोकांना खर्चात पाडतोय, आट्यांवर गुंडाळायची टेफलॉन टेप टिकत नाही, सुतळी आणि तिच्यावर लावायचा सफेदा (पांढरी पेस्ट) हेच खरं, आणि भिंतीतला पाइप तुटला तर भरून कोण देणार.

वायसरचं आधी सांगतो. नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असेल तर पहिल्यांदा वायसरच बदलायचा, यात वादच नाही. पण आमच्या तोटीत मी दोनदा नवा टाकला आणि आठ दिवसांत परत गळायला लागली, मग बॅटरी लावून आत बघितलं तर वायसर जिथे टेकतो त्या पितळी कडेलाच खाच पडलेली, बोरच्या पाण्याचे क्षार आणि वर्षानुवर्षं जोर लावून आवळणं, दुसरं काय होणार. तिथे कितीही वायसर घाला. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो, ते गळणं बघवत नाही.

सुतळीचं तुमचं निम्मं बरोबर आहे. जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपचे आटे गंजून झिजलेले असतात तिथे सुतळी छान भरून येते, आणि तोटी सरळ करताना जरा मागे फिरवली तरी गळत नाही. टेपचं तसं नाही, मागे फिरवली की परत काढून नवी गुंडाळायची, आणि तीही आटे आवळायच्या दिशेने, उलटी गुंडाळली की सगळी गोळा होऊन बाहेर येते. टिकत नाही म्हणतात ते बऱ्याचदा यामुळेच. पण प्लॅस्टिकच्या आट्यात जाड सुतळी घालून आवळलं की एल्बो, म्हणजे तोटीमागचा काटकोनी जोड, चिरतो. आणि जुना सफेदा शिशाचा, म्हणजे विषारी, असायचा, अंगणातल्या नळाला पोरं थेट तोंड लावतात, म्हणून मी तो वापरत नाही.

पाइप तुटण्याचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत, चूक माझीच आहे. तोटी काढताना दोन पाने (स्पॅनर) लागतात हे मी पोस्टमध्ये शेवटी एका ओळीत उरकलं होतं, ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. एका पान्याने मागचा पाइप किंवा एल्बो घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने फक्त तोटी फिरवायची, नाहीतर सगळा जोर भिंतीतल्या जॉइंटवर जातो आणि तो आतल्या आत सुटतो, बाहेर काही दिसत नाही, पंधरा दिवसांनी भिंतीला ओल येते. एल्बो प्लास्टरच्या आत असेल आणि पाना बसायला जागाच नसेल तर आजूबाजूचं प्लास्टर थोडं फोडायचं, आणि तरी तोटीबरोबर एल्बो फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबून प्लंबरला बोलवायचं. हे आज पोस्टमध्ये वर घेतलंय.

तुमच्याकडे पाइप जीआय आहे का सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) तेवढं सांगा, म्हणजे टेप का सुतळी ते नीट सांगता येईल.